फोटोवर कमेंट करताना नेमकं काय सांगायचं?

(हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत.)

इयरफोन नीट लावा, कारण आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये रोज येतो. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकतं आणि खाली सुरू होतं, ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’, आगीचे तीन इमोजी. मध्येच कोणीतरी लिहितं, ‘ब्लर आहे.’ विषय संपला.

आता मला सांगा, फोटो काढणाऱ्याला यातून काय मिळालं? ‘कडक’मधून त्याला कळलं की तुम्ही मित्र आहात. ‘ब्लर आहे’मधून कळलं की काहीतरी चुकलं. पण पुढच्या वेळी वेगळं काय करायचं, हे दोन्हीतून कळलं नाही. नवीन शिकणारी कितीतरी मुलं-मुली याच टप्प्यावर थांबतात. कोणी फोटो टाकणं बंद करतं, तर कोणी फक्त लाइक मिळतील असेच सूर्यास्त काढत राहतं. दोन्हीकडे शिकणं थांबतं. म्हणून आज बोलूया, दुसऱ्याच्या फोटोवर कामाचं बोलायचं कसं.

एक गंमतशीर आणि खरी गोष्ट

2006 सालची गोष्ट. फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर ‘डिलीट मी’ नावाचा एक ग्रुप होता. तिथे तुम्ही फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी मत द्यायचं, ठेवा किंवा उडवा. एका सभासदाने तिथे एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकला. वरून दिसणारा वळणदार जिना, लोखंडी कठडा, आणि खाली रस्त्यावरून झपकन जाणारा एक सायकलवाला, थोडा ब्लर. लोकांनी भराभर मतं दिली. अस्पष्ट आहे, काहीतरी एक शार्प हवं होतं, वगैरे. निकाल लागला, उडवा.

तो फोटो आंरी कार्तिए-ब्रेसाँचा होता. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या फोटोग्राफर्सपैकी एक. 1932 मध्ये फ्रान्समधल्या इयेर या गावी काढलेला, आणि आज फोटोग्राफीच्या पुस्तकांत हमखास भेटणारा.

ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि म्हणतात, ‘बघा, कमेंट करणारे सगळे बिनडोक.’ मला तसं वाटत नाही. त्या लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. सायकलवाला ब्लर आहेच की! गडबड वेगळीच होती. त्यांच्याकडे एक यादी तयार होती. शार्प हवं, उजेड नीट हवा, मोठं हवं. फोटो त्या यादीला लावून बघितला आणि निकाल दिला. स्थिर जिना आणि पळती सायकल यांच्यातला फरक दाखवणं हाच कदाचित त्या फोटोचा मुद्दा असेल, हा प्रश्न विचारायला कोणी थांबलंच नाही.

आणि उलटी बाजूही बघा. खाली मोठं नाव लिहिलं असतं, तर त्यातल्याच अनेकांनी ‘वा, काय मोशन आहे’ म्हटलं असतं. तेही तितकंच निरुपयोगी. आपण नावाला कमेंट करत नाही, यादीलाही नाही. समोरच्या फोटोला करतो.

आधी बघा, मग बोला

आता कामाच्या पायऱ्या सांगते.

पहिली पायरी, बघणं. हसू नका, खरंच सांगते. फीडमध्ये एका फोटोवर आपण किती वेळ थांबतो? अंगठा वर सरकेपर्यंत. कमेंट करणार असाल तर निदान अर्धा मिनिट द्या. फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडा, फोन आडवा करा. चारही कोपरे बघा. डोळा आधी कुठे जातो आणि नंतर कुठे अडकतो, ते लक्षात ठेवा.

आणि एक तपासा, तुमची स्वतःची स्क्रीन. ब्राइटनेस अगदी कमी असेल तर चांगला फोटोही काळपट दिसतो. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेला पिवळट मोड चालू असेल तर सगळेच फोटो पिवळे दिसतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, बारीक तपशील जातात. तेव्हा ‘क्वालिटी खराब आहे’ म्हणायच्या आधी, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दोष फोटोचा की पाठवण्याचा, हे आधी कळू दे.

दुसरी पायरी, जे दिसतं ते सांगा. निकाल नाही, वर्णन. ‘माझं लक्ष आधी लाल छत्रीकडे गेलं, मग मागच्या बोर्डाकडे.’ हे वाक्य साधं वाटतं, पण फोटो काढणाऱ्यासाठी सोनं आहे. कारण स्वतःचा फोटो तो परक्या नजरेने बघूच शकत नाही. त्याला माहीत असतं की त्या दिवशी पाऊस कसा होता, आजी काय बोलली. आपल्याला फक्त चौकट दिसते. चौकटीतून नेमकं काय पोचलं, हे फक्त आपणच सांगू शकतो.

तिसरी पायरी, विचारा. ‘बस मुद्दाम ब्लर ठेवलीस का?’ ‘तुला आजी दाखवायची होती की स्टँडवरची गर्दी?’ प्रश्न खरा हवा हं. ‘तुला फोकस करता येत नाही का?’ हा प्रश्न नव्हे, तो टोमणा.

चौथी पायरी, मत. तेही एकच, आणि करता येण्यासारखं.

यातलं बरंच काही मी शोधलेलं नाही. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने 1990 मध्ये कलाकृतीवर चर्चा करायची एक चार टप्प्यांची पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की त्यांना काय भिडलं. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण मत न मिसळता. आणि शेवटी मत, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. कलाकार ‘नको’ म्हणू शकतो. पद्धत नाचासाठी सुरू झाली, पण फोटोला अगदी फिट बसते.

एक उदाहरण घेऊया

समजा, तुमच्या मैत्रिणीने फोटो टाकलाय. साताऱ्याचं एसटी स्टँड, संध्याकाळ, पाऊस. एक आजी लाल छत्री मिटून बाकावर बसलीये. मागून एसटी निघालीये, ती ब्लर झालीये. आजीचा चेहराही थोडा हललाय. वर कोपऱ्यात एक मोठा पांढरा जाहिरातीचा बोर्ड.

पहिली कमेंट, ‘भारी!’ दुसरी, ‘फोकस गेलाय.’ तिसरी, ‘चांगला कॅमेरा घे.’ ही तिसरी सगळ्यात वाईट, कारण तिचा अर्थ होतो, पैसे असतील तर शिक.

आता कामाची कमेंट कशी असेल, ऐका. ‘आजी शांत बसलीये आणि मागून बस पळतेय, हे मला खूप आवडलं. वाट बघणं त्यातून कळतं. माझं लक्ष मात्र दोनदा पांढऱ्या बोर्डाकडे गेलं. बस मुद्दाम ब्लर ठेवलीस का? तसं असेल तर आजी स्थिर यायला हवी. पुढच्या वेळी फोन खांबाला टेकवून बघ.’

बघा, यात काय काय आलं. काय पोचलं, ते आलं. कुठे अडखळलो, ते आलं. प्रश्न आला. आणि एक उपाय आला, जो फुकट आहे.

उपाय सांगायचा तर कारण माहीत हवं. उजेड कमी झाला की फोन आपोआप शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा पंधरावा किंवा तिसावा भाग वगैरे. तेवढ्या वेळात बस पुढे सरकते, म्हणून ती ब्लर होते. तेवढ्याच वेळात हातही हलतो, म्हणून आजीही ब्लर. हात स्थिर केला आणि आजी हलली नाही, तर आजी शार्प आणि बस ब्लर, अगदी हवं तसं. याउलट बससुद्धा थांबलेली हवी असेल, तर प्रो मोडमध्ये शटर 1/500 च्या आसपास न्यायचं आणि आयएसओ वाढवायचा. फोटोत थोडे दाणे येतील, चालेल. म्हणजे ‘ब्लर’ हा एकच शब्द, पण कारणं दोन आणि इलाजही दोन.

दोष कुठल्या वेळचा आहे?

मी मनात तीन कप्पे करते. काढण्याआधीचं, काढतानाचं आणि काढल्यानंतरचं.

काढल्यानंतरचं म्हणजे क्रॉप, तिरकी गेलेली क्षितिजरेषा, थोडा अंधार. हे आत्ता, बसल्या जागी दुरुस्त होतं, म्हणून बिनधास्त सांगा. तो बोर्ड क्रॉपने जाणार असेल तर लगेच सांगा.

काढतानाचं म्हणजे कुठे उभं राहायचं, कधी क्लिक करायचं, हात स्थिर आहे का. हे पुढच्या फोटोसाठी सांगायचं. ‘दोन पावलं डावीकडे गेली असतीस तर बोर्ड आजीच्या मागे लपला असता.’ किंवा, ‘चेहऱ्याच्या फार जवळ गेलीस, त्यामुळे नाक मोठं दिसतंय. थोडं मागे जाऊन दोन एक्सवर काढ.’ फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स रुंद कोनाची असते. त्यातून चेहरा भरून दिसावा म्हणून आपण फार जवळ जातो आणि चेहरा ताणल्यासारखा येतो.

काढण्याआधीचं म्हणजे वेळ, जागा, परवानगी, हेतू. यावर कमेंट नको, गप्पा हव्यात.

आणि एक चौथा कप्पा आहे, आवडीनिवडीचा. ‘मला रंग फिके आवडतात’ हे खुशाल म्हणा, पण ‘मला’ हा शब्द गाळू नका. आवड आणि दोष यांची सरमिसळ झाली की नवखा माणूस तुमचे फोटो काढायला लागतो, स्वतःचे नाही.

जिथे गप्प बसू नये आणि जिथे बसावं

फोटोतल्या माणसाच्या शरीरावर कमेंट नको. ‘किती बारीक झालीये’, ‘गोरी दिसतेय’, हा फोटोवरचा अभिप्राय नाहीच. फोटोतल्या माणसाने तुम्हाला विचारलेलंही नाही.

पण काही ठिकाणी बोलायलाच हवं. पक्ष्याच्या घरट्याचा अगदी जवळून काढलेला फोटो आला, तर आधी ‘वॉव’ नको. माणूस फार जवळ गेला तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात, पिल्लं उघडी पडतात. म्हणूनच पक्ष्यांच्या फोटोंचे अनेक ग्रुप घरट्याचे फोटो घेतच नाहीत. तसंच पावसाळ्यात कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या मित्राचा फोटो. तिथे तुमचा आगीचा इमोजी म्हणजे पुढच्या वेळी आणखी एक पाऊल पुढे जायचं आमंत्रण. कौतुकालाही परिणाम असतो, मंडळी. तिथे खाजगी मेसेज करा, ‘फोटो चांगलाय, पण तू तिथे बसू नकोस.’ चारचौघांत लाजवायची गरज नाही.

एकूणच जरा कडू सांगायचं असेल तर इनबॉक्स बरा. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा, आणि नेमकं करा.

आणि अभिप्राय मागताना

नुसतं ‘कसाय फोटो?’ विचारलं तर ‘मस्त’च येणार. प्रश्न बारीक करा. ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’ ‘दोन क्रॉप टाकलेत, कुठला जास्त बोलतो?’ आलेली प्रत्येक सूचना पाळायची नसते. तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर मात्र तिथे नीट बघा.

हे काही आजचं नाही बरं का. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. तेव्हाही सभासद आपले फोटो एकमेकांसमोर मांडायचे. फरक एवढाच, तिथे फोटो काढणारा समोर बसलेला असायचा. आपल्या स्क्रीनवर तो दिसत नाही. पण असतो नक्की.

तर या आठवड्याचा गृहपाठ. ग्रुपवरचा असा एक फोटो शोधा ज्यावर कोणीच काही लिहिलेलं नाही. अर्धा मिनिट बघा आणि तीन वाक्यं लिहा. काय पोचलं, एक प्रश्न, आणि परवानगी असेल तर एक सूचना. ‘कडक’ लिहायचंच असेल तर चौथं वाक्य म्हणून लिहा, माझी काही हरकत नाही. भेटू पुढच्या भागात!