सांध्यांच्या तपासणीत मनाचीही विचारपूस हवी

म्हैसूरच्या पश्चिमेचं बोगादी एकेकाळी गाव होतं. आता तिथे रिंगरोडच्या आसपास लेआउट उभे राहिले आहेत. समजा, नवऱ्याच्या बदलीमुळे तिथे राहायला आलेली एक चाळिशीची मराठी बाई. सकाळी दारात रांगोळी घालायला बसते, तर अंगठा आणि बोटाची चिमूट जुळत नाही. गरम पाण्यात हात धरले की तासाभराने बोटं जरा सैल होतात. कुकरचं झाकण लेकाकडून लावून घ्यावं लागतं. सासूबाई म्हणतात, ‘‘अगं, थंडीचं आखडतं असं.’’ पुढे संधिवाताचं निदान होतं, औषधं सुरू होतात. पण रात्रीची झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली आणि कशात जीवच लागत नाही, हे ती कुणाला सांगत नाही. कुणी विचारतही नाही.

हा वयोमानाने गुडघे झिजण्याचा प्रकार नव्हे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथे साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पटींनी जास्त होतो.

या रुग्णांमध्ये नैराश्य किती? जगभरातले 72 अभ्यास आणि तेरा हजारांवर रुग्ण एकत्र धरून 2013 मध्ये केलेल्या विश्लेषणात सुमारे 17 टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य होतं. सतत दुखतंय, हातची कामं सुटली, मग मन खचणारच, असं आपण सहज म्हणून जातो. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. सांधे सुजवणारी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत परिणाम करतात. तापात माणूस गप्प होतो, पांघरूण ओढून पडून राहतो, त्यामागेही हीच रसायनं असतात. ताप चार दिवसांत उतरतो. संधिवाताचा दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. उलट दिशेनेही नातं दिसतं: आधी नैराश्य असलेल्यांना पुढे संधिवात होण्याचा धोका काहीसा वाढलेला आढळला आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दवाखान्यातली गोष्ट. आजाराचा जोर मोजण्यासाठी डॉक्टर 28 सांधे दाबून पाहतात: किती सुजलेत, किती दुखतात. त्यात रक्ताची तपासणी आणि ‘एकंदर कसं वाटतंय’ याचं रुग्णाने दिलेलं उत्तर मिळवून एक आकडा निघतो. नैराश्यात दुखणं अधिक बोचतं आणि एकंदर सगळंच वाईट वाटतं. सूज कमी, रक्ताचा रिपोर्ट बरा, तरी आकडा चढलेलाच राहतो. मनाची चौकशी झाली नाही, तर अशा वेळी संधिवाताची औषधं वाढत जातात आणि दुखण्याचं दुसरं मूळ तसंच राहतं. खचलेलं माणूस आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकवतं, व्यायाम सोडतं, ते वेगळंच.

दाह कमी करणाऱ्या औषधांनी मनही बरं होईल, ही आशा मात्र जपून धरावी. 2013 मध्येच अमेरिकेत साध्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 60 रुग्णांना टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलं. सरसकट फायदा दिसला नाही. रक्तात दाहाची खूण जास्त असलेल्यांतच सुधारणेचा कल दिसला. म्हणजे नैराश्याचे उपचार स्वतंत्रपणे करावेच लागतात: समुपदेशन, गरज पडल्यास गोळ्या, आणि त्या संधिवाताच्या डॉक्टरांना माहीत असायला हव्यात.

गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, निराशा यांवरचे नऊ प्रश्न दवाखान्यातल्या बाकावर बसून पाच मिनिटांत भरून होतात. ते प्रत्येक संधिवात-रुग्णाला विचारायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर सोबत गेलेल्या नवऱ्याने किंवा लेकीने स्वतःहून सांगावं. बोगादीच्या त्या बाईला कन्नडमध्ये भाजी घेता येते, पण मनातलं सांगायला मराठीच लागणार. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा, किंवा घरच्यांनी तिला थेट रुग्णालयात न्यावं.