संघाचा धनी

खेळाडूंचा अख्खा संघ, त्याच्या नांवासकट, पैसे मोजून विकत घेतां येतो, ही गोष्ट आमच्या आजोबांस कोणी सांगितली असती तर त्यांनीं ती थट्टेवारी नेली असती. नाटकमंडळ्यांचे धनी बदललेले त्यांच्या पिढीनें पाहिले होते, कापडाच्या गिरण्या एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेल्या ऐकिल्या होत्या. पण अकरा माणसें ज्या नांवासाठीं धांवतात तें नांव विकत घ्यावयाचें म्हणजे नेमकें काय घ्यावयाचें? हा प्रश्न आमच्या घरांत २०२१ सालच्या मार्च महिन्यांत प्रत्यक्ष उभा राहिला. तो उभा करणारे होते आमचे ८६ वर्षांचे काका, आणि निमित्त झालें मुंबई सिटी या फुटबॉल संघाचें.

प्रथम या संघाची हकीकत सांगितली पाहिजे. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही धंदेवाईक फुटबॉलची स्पर्धा आपल्या देशांत सुरू झाली, तेव्हां मुंबईसाठीं जो संघ उभा राहिला तो हा. सिनेनट रणबीर कपूर व हिशेबतपासनीस बिमल पारेख हे त्याचे मूळ धनी. पहिल्याच वर्षीं फ्रान्सचा निकोला आनेल्का, पुढें २०१६ त उरुग्वेचा दिएगो फोरलान, असे जगन्मान्य खेळाडू संघांत येऊन गेले. त्या २०१६ सालीं साखळी सामन्यांत संघ सर्वांच्या वर राहिला आणि उपांत्य फेरींत पडला. चषक म्हणून कांहीं हातीं लागेना. अशा स्थितींत २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं सिटी फुटबॉल ग्रुप या कंपनीनें संघाचे शेंकडा ६५ भाग घेतल्याचें जाहीर झालें. उरलेले ३५ जुन्या धन्यांकडे राहिले. इंग्लंडांतील मँचेस्टर सिटी हा सुप्रसिद्ध संघ याच कंपनीचा, आणि तिच्यामागें पैसा अबू धाबीच्या राजघराण्यांतील शेख मन्सूर यांचा. जगभर तिनें जे संघ घेतले होते त्यांत मुंबईचा क्रमांक आठवा लागला.

त्याच वर्षीं पुण्याच्या नशिबीं मात्र उलटें दान पडलें. एफ. सी. पुणे सिटी हा संघ याच स्पर्धेंत पहिल्या वर्षापासून खेळत असे व त्याचे सामने बालेवाडीच्या मैदानावर होत. २०१९ त तो मोडला आणि स्पर्धेंतील त्याची जागा ऑगस्ट महिन्यांत हैदराबादच्या एका नव्या संघास मिळाली. पुण्यास राहणारा आमचा भाचा तेव्हां चौदा वर्षांचा होता. त्याच्यापाशीं संघाचा सदरा होता, जुन्या सामन्यांचीं तिकिटें वहींत चिकटवून ठेविलेलीं होतीं. संघ तेवढा नव्हता. ज्यांनीं पदरचे पैसे खर्चून तिकिटें काढलीं, घसा बसेपर्यंत ओरडून पाहिलें, त्यांस ना पुण्यास कोणीं विचारलें ना मुंबईस. तशी विचारावयाची चालही नाहीं.

नव्या धन्यांस पहिलें वर्ष कांहीं करून दाखविण्यास सवडच मिळाली नाहीं. भाग घेतले तेव्हां हंगाम सुरू होऊन गेलेला होता. पोर्तुगीज प्रशिक्षक जोर्जे कोस्टा यांच्या हाताखालीं संघ पांचवा आला, म्हणजे पहिल्या चारांत येण्यास एक पायरी कमी पडली. खरा पालट झाला तो २०२० च्या ऑक्टोबरांत. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश गृहस्थ प्रशिक्षक नेमले गेले. यांनीं पूर्वीं गोव्याचा संघ नांवारूपास आणिला होता. त्यांच्या मागोमाग गोव्याच्या संघांतूनच सेनेगलचा मुर्तदा फॉल, मोरोक्कोचा अहमद जाहू, फ्रान्सचा ह्यूगो बूमू व खुद्द गोमंतकाचा मंदार राव देसाई हे मुंबईकडे आले. शेजारणीनें आचारी तर नेलाच, वर पराती आणि झारेही नेले, असाच हा प्रकार. गोव्याच्या मंडळींस तो झोंबला असल्यास नवल नाहीं. शिवाय इंग्लंडचा अ‍ॅडम ले फाँद्रे व नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे हे दोघे गोल करण्यांत वाकबगार खेळाडू आले. गोलरक्षक अमरिंदर सिंग हा जुनाच, तोच कर्णधार. पैसा काय करूं शकतो हें येथवर स्पष्ट दिसतें, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण दैवाची मौज अशी कीं, या मुंबईच्या संघास त्या हंगामांत मुंबईंत एकही सामना खेळतां आला नाहीं. करोनाच्या साथीमुळें सर्व ११ संघ गोव्यांत आणून ठेविले होते. हॉटेलाबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, सामन्यापुरतें मैदानावर जावयाचें, आणि मैदानावर प्रेक्षक म्हणून एक माणूस नाहीं. मडगांवचें फातोर्डा, बांबोळी, आणि वास्कोचें टिळक मैदान अशीं तीन मैदानें. प्रत्येक संघास २० सामने. टिळक मैदान हें नांव दूरदर्शनवर ऐकून आमच्या मातुश्रींनीं जपमाळ बाजूस ठेविली व तो एक सामना पुरा पाहिला. मुंबई हरली.

तो पहिलाच सामना, २१ नोव्हेंबर २०२० चा. ईशान्येकडील नॉर्थईस्ट युनायटेड या संघानें १-० नें हरविलें. जाहूस तर पंचांनीं पहिल्या डावांतच बाहेर काढिलें. एवढा खर्च करून ही सलामी! आमचे चिरंजीव त्या दिवशीं जेवले नाहींत. मात्र यानंतर संघ जो उठला तो सलग १२ सामने हरला नाहीं. चेंडू पायाशीं ठेवून, एकमेकांकडे लहान लहान पासांनीं देत देत, समोरच्या संघास दमवावयाचें, ही लोबेरा यांची रीत. घाईगर्दीचा खेळ पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांस ती प्रथम रटाळ वाटते, आम्हांसही वाटली. पण आठ-दहा सामने पाहिल्यावर तींत रागदारीसारखी गोडी येऊं लागते. ३० जानेवारीस ही मालिका तुटली, आणि तोडली ती पुन्हा त्याच नॉर्थईस्टनें. पुढें फेब्रुवारींत बंगळूर व जमशेटपूर यांनींही हरविलें, आणि हातीं आलेलें पहिलें स्थान कोलकात्याच्या एटीके मोहन बागान या संघाकडे गेलें.

शेवटच्या आठवड्यांत मग सर्व कांहीं दांवास लागलें. २४ फेब्रुवारीस ओडिशावर ६-१ असा विजय. त्यांत मणिपूरच्या बिपिन सिंगनें एकट्यानें तीन गोल केले. २८ फेब्रुवारीस बांबोळीस साखळींतला अखेरचा सामना, आणि समोर मोहन बागानच. मुंबईचे गुण ३७, त्यांचे ४०. मुंबई जिंकली तर बरोबरी, आणि बरोबरी झाल्यास एकमेकांविरुद्ध कोण जिंकलें हें पहावयाचें. जानेवारींत मुंबईनें त्यांस १-० नें हरविलेलें होतें. या वेळीं फॉल व ओग्बेचे यांनीं गोल केले, सामना २-० असा सुटला, आणि साखळींतील पहिल्या संघास मिळणारी ढाल मुंबईकडे आली. उपांत्य फेरींत गोव्याशींच गांठ पडली. दोन सामने होऊन २-२ अशी बरोबरी. शेवटीं पेनल्टीवर ६-५. आचारी नेलेल्या शेजारणीशीं हा हिशेब असा काठावर चुकता झाला!

अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजीं होता. आमचें शहर तेव्हां औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाई. छत्रपती संभाजीनगर हें नांव २०२३ त आलें. ११ मार्चपासून शहरांत अंशतः टाळेबंदी लागली होती व शनिवार-रविवार कडकडीत बंद. हा पहिलाच शनिवार, त्यांत अमावास्या. गुलमंडीच्या बाजूनें एरवीं रात्रीं उशिरापर्यंत येणारा गजबजाट अगदीं थांबलेला. भाचा शाळा बंद असल्यानें आमच्याकडेच होता. अशा त्या सक्तीच्या निवांतपणांत घरांतील लहानथोर सर्व जण दूरदर्शनसमोर बसलों, आणि काकांची खुर्ची अगदीं पुढें ओढली.

काकांस फुटबॉल नवा नव्हे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें आमच्याकडचीं मुलें उच्च शिक्षणासाठीं हैदराबादेसच जात. काका उस्मानिया विद्यापीठांत शिकत असतां हैदराबाद सिटी पोलीस या संघाचा दबदबा होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे प्रशिक्षक. यांच्याच शिकवणीनें पुढें १९६२ सालीं जाकार्ता येथें भारतास आशियाई सुवर्णपदक मिळालें. १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें या पोलीसांनीं मुंबईस येऊन रोव्हर्स चषक नेला. ते खेळाडू पोलीसखात्याचे पगारी नोकर. सकाळीं कवाईत, संध्याकाळीं मैदान. काका म्हणतात, रस्त्याच्या कोपऱ्यावर शिटी घालून उभा असलेला शिपाई काल गोल करून आलेला असे, आणि लोक थांबून त्याला सलाम करीत.

सामना सुरू झाला. अठराव्या मिनिटास जाहूच्या हातून, किंबहुना पायांतून, चेंडू निसटला व बागानच्या डेव्हिड विल्यम्सनें गोल केला. एकोणतिसाव्या मिनिटास बागानच्याच तिरी याच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यांत गेला. काकांनीं चिरंजीवांस विचारलें, "हा संघ कोणाचा रे?"

"मुंबईचा, आजोबा."

"पैसा अरबांचा, प्रशिक्षक स्पेनचा, खेळाडू सेनेगल-मोरोक्कोचे, मैदान गोव्याचें, आणि बघायला मैदानांत कोणी नाहीं. मग यांत मुंबईचें काय?"

चिरंजीवांस उत्तर सुचेना. भाचा खालीं मान घालून म्हणाला, "नांव, आजोबा. आमचें तेंही राहिलें नाहीं."

काका गप्प झाले. पहिला डाव संपत आला असतां मुंबईचा अमेय रानवडे हा तरुण खेळाडू टक्कर होऊन कोसळला. खेळ थांबला. रुग्णवाहिका मैदानांत आली. दोन्ही संघांचे खेळाडू भोंवतीं उभे, आणि रिकाम्या मैदानांत आवाज असा कसलाच नाहीं. "हा आपला पोरगा दिसतो," एवढेंच काका म्हणाले. मातुश्री देवघरांत जाऊन आल्या. मुलाची प्रकृति स्थिर असल्याचें पुढें कळलें, तेव्हां सर्वांचा जीव भांड्यांत पडला.

दुसरा डाव ताणला गेला. नव्वदाव्या मिनिटास लांबून आलेला चेंडू अडविण्यास बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढें धांवला आणि फसला. हंगामांतील उत्तम गोलरक्षकाचें पारितोषिक त्या वर्षीं यालाच मिळालें, हें लक्षांत ठेवावें. एका क्षणाची चूक माणसास किती महाग पडते! ओग्बेचेनें चेंडू काढून बिपिनकडे दिला, बिपिननें रिकाम्या जाळ्यांत घातला. २-१. ढाल आणि चषक दोन्ही एकाच वर्षीं जिंकणारा मुंबई हा पहिला संघ ठरला. मुलें अंगणांत ओरडत धांवलीं. शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी "काय झालें?" म्हणून घाबरून विचारलें, त्या दिवसांत आरडाओरडा ऐकला कीं लोकांच्या मनांत भलतेंच येई.

नवा धनी आला कीं संघाचें नशीब असें पालटतें, हें इतरत्रही दिसतें. अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो लांबट चेंडूचा, हातानें खेळावयाचा खेळ आहे, त्यांतील वॉशिंग्टनचा संघ २०२३ सालीं ६०५ कोटि डॉलरांस विकला गेला. नव्या धन्यांच्या पहिल्या हंगामांत १७ पैकीं ४ सामने जिंकले. दुसऱ्यांत प्रशिक्षक नवा, मुख्य खेळाडू नवा, आणि १२ जिंकले. उलट बाल्टिमोरचा संघ १९८४ सालीं मार्चमधील एका रात्रींत सामानाच्या मोटारींत भरून धन्यानें इंडियानापोलिसला हलविला. गांवास सकाळीं पत्ता लागला. मात्र त्याच देशांत ग्रीन बे हें लहानसें शहर आहे. तेथील संघाचे भाग १९२३ पासून सामान्य नागरिकांकडे आहेत. त्यांवर नफा मिळत नाहीं, ते फायद्यानें विकतां येत नाहींत, आणि म्हणून संघही कोठें जात नाहीं. भाच्यास आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्यानें नकाशावर तें गांव शोधून काढिलें.

विजयी संघ पुढें टिकला असें मात्र नाहीं. तें वर्ष संपण्यापूर्वींच लोबेरा गेले. अमरिंदर व बूमू तर मोहन बागानलाच जाऊन मिळाले. तरीही २०२२ च्या एप्रिलांत रियाध येथें इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नें हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्यें सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ हा मान मुंबईनें मिळविला. २०२३ त पुन्हा ढाल आली, २०२४ च्या मे महिन्यांत कोलकात्यास पुन्हा चषक. पुण्याच्या जागीं आलेल्या हैदराबादनेंही २०२२ त चषक जिंकला, आणि २०२५ त तोही संघ हैदराबाद सोडून दिल्लीस गेला. भाच्यास त्याचें सुख वाटलें नाहीं. हैदराबादच्या मुलांचें वाईट वाटलें.

२०२५ च्या डिसेंबरांत स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीचा फुटबॉल महासंघाशीं असलेला १५ वर्षांचा करार संपला. नवा ठरेना, हंगाम सुरू होईना. या अनिश्चिततेचें कारण देऊन सिटी फुटबॉल ग्रुपनें आपले भाग सोडले व संघ पुन्हा मूळ धन्यांकडे गेला. चिरंजीव आतां कॉलेजांत आहेत. सुट्टींत घरीं आले असतां त्यांनीं ही बातमी काकांस मोठ्यानें वाचून दाखविली, कारण काकांस आतांशा कमी ऐकूं येतें. काकांनीं सारें नीट ऐकून घेतलें. मग तो अमेय अजून खेळतो का, आणि सामने पुन्हा केव्हां लागणार, एवढें दोन गोष्टींचें त्यांनीं विचारलें.