वीस फुटांत पाच जास्वंदी

वाशीमच्या कुठल्याही नव्या लेआउटमध्ये घर बांधून झालं, गट्टू बसले, रंग लागला, की कंपाउंडच्या भिंतीलगत दीड-दोन फुटांची मातीची पट्टी तेवढी उरते. घरचे लोक वर्षभर त्या उघड्या पट्टीकडे बघून हळहळतात. मग मृगाचा पाऊस पडला, की नर्सरीतून छोटा हत्ती भरून रोपं येतात आणि एका दुपारी सगळी लागतात, दर फुटाला एक. पहिल्या वर्षी फार छान दिसतं. तिसऱ्या वर्षी जास्वंदीत तगर घुसलेली, मोगरा सावलीत गुदमरलेला आणि गेटपर्यंत जायला अंग चोरून चालावं लागतं.

गंमत म्हणजे यातली बरीच माणसं शेतकऱ्याच्या घरची. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटीमीटर, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. संत्र्याच्या दोन कलमांत सहा मीटर मोकळे सोडताना त्यांचा जीव कासावीस होत नाही. पेरा दाट झाला की सोयाबीन नुसतं उंच वाढतं, लोळतं, शेंगा कमी धरतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. घराच्या दारात मात्र ‘लय मोकळं मोकळं दिसते ना जी’ असं कुणी म्हटलं, की हे सगळं ज्ञान गळून पडतं.

हिशेब अगदी साधा आहे. रोप किती मोठं आहे ते बघू नका, तीन वर्षांनी त्याचा घेर किती होईल ते विचारा आणि दोन रोपांत तेवढं अंतर ठेवा. पट्टी वीस फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे असं धरू. जास्वंदीचा घेर छाटणी करूनही चार फुटांच्या आसपास जातो. म्हणजे पहिली कोपऱ्यापासून दोन फुटांवर, पुढची सहावर, मग दहा, चौदा आणि अठरावर. झाल्या पाच. विसावीची गरज नाही, सहावीचीही नाही. भिंतीपासून निदान एक फूट सोडून लावायचं आणि पट्टीपेक्षा घेर जास्त असल्यानं दरवर्षी भिंतीकडची व वाटेकडची बाजू कापत राहायचं. हे कापणं जमणार नसेल तर जास्वंद घेऊच नये. फूटभर अंतरावर सदाफुली किंवा दीड फुटावर कोरफड लावावी.

अरुंद पट्टीत प्रकारही थोडेच हवेत. दहा जातींची दहा झाडं लावली की प्रत्येकाची उंची वेगळी, पाण्याची भूक वेगळी. त्यापेक्षा मागे एकच झुडूप ओळीनं आणि पुढे काठाला पावसाळी लिलीचे कंद सहा-सहा इंचांवर. वीस फुटांना चाळीस कंद पुरतात.

आता माती. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. त्यात बांधकामाच्या पट्टीत सिमेंटचा चुरा, चुना, विटांचे तुकडे गाडलेले असतात. काळी माती मुळातच विम्लधर्मी, त्यावर हा चुना. म्हणून कोकणातल्या तांबड्या मातीत बहरणारी एक्झोरा इथे पिवळी पडते: पान पिवळं, शिरा हिरव्या. मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही, त्याची ही खूण. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस घालून फवारलं तर काही दिवस हिरवेपणा येतो, पण ते औषध झालं, उपाय नाही. माझ्या मते वाशीममध्ये भिंतीलगत एक्झोरा लावूच नये. दीड फूट खोल राडारोडा उकरून काढावा, मातीत शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळावा आणि वाफा गट्टूंपेक्षा चार बोटं उंच ठेवावा. नाहीतर श्रावणात पाणी साचून सदाफुलीसारखं काटक झाडही मुळाशी कुजतं. हे सारं वाफसा असतानाच करायचं; चिखलात खोदलं तर नुसती ढेकळं होतात. घराच्या भिंतीला लागून मात्र वाफा नको, पाया ओला राहतो.

ऊन कुठून येतं हेही बघावं लागतं. वाशीम साधारण वीस अक्षांशावर असल्यानं डिसेंबरात भरदुपारीही दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला साडेनऊ फूट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेची पट्टी हिवाळाभर उन्हाला मुकते. मेच्या उत्तरार्धात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिला भाजून काढतो. तिथे अबोली किंवा अडुळसा टिकतो, मोगरा रुसतो. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते; तिथे कण्हेर चांगली, फक्त ती सबंध विषारी असते, लहान मुलं आणि शेळ्या लांब ठेवाव्यात. जास्वंदीला पूर्वेची बाजू मानवते.

दाट लावण्याचं समर्थन करताना हल्ली मियावाकींचं नाव पुढे केलं जातं. जपानच्या या वनस्पतिशास्त्रज्ञानं एका चौरस मीटरात तीन-चार रोपं लावण्याची पद्धत रूढ केली खरी, पण ती जंगलासाठी. उजेडासाठी झाडं भांडावीत, सरळ वर जावीत, मागे पडणारी मरावीत, हेच तिथे अपेक्षित असतं. आपल्याला दारात खालपासून भरलेलं, फुलणारं झुडूप हवं असतं. झटपट हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस लावण्याचाही मोह होतो. परागकणांचा त्रास आणि पाइपांत घुसणारी मुळं यांमुळे गुजरातच्या वनविभागानं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, एवढं लक्षात ठेवावं.

राहिला प्रश्न मधल्या मोकळ्या जागेचा. झुडपं एकमेकांना भिडायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तिथे जुलैत झेंडू लावावा, दसऱ्याच्या तोरणाची सोय होते. हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर फेकावी. झुडूप पसरेल तसा झेंडू मागे घ्यायचा, झुडूप उपटायचं नाही. पहिला उन्हाळा कसोटीचा असतो. तेव्हा रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड आळं भरून पाणी द्यावं आणि वर सोयाबीनचं कुटार चार बोटं पसरावं. कुटार खोडाला मात्र टेकवू नये, वाळवी लागते.