अद्ययावत सॉफ्टवेअर संथ का सुरू होते?
सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर ते सुरू होण्यास अनेकदा विलंब लागतो. जलद सुरुवातीसाठी साठवून ठेवलेली जुनी माहिती निरुपयोगी ठरल्याने ती नव्याने तयार करावी लागते. शिवाय अँटिव्हायरस बदललेल्या फाइल्स पुन्हा तपासतो. ही कामे बहुधा एकदाच होतात व पुढे वेग पूर्ववत होतो. तसे न झाल्यास संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, डिस्कवरील मोकळी जागा पाहावी आणि प्लग-इन एकेक करून वगळून तपासावेत. सुरक्षाविषयक सुधारणा काढून टाकणे मात्र धोक्याचे ठरते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हल्ल्याला बळी पडलेल्या बहुसंख्य संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती उपलब्ध केली होती. ती बसविण्यात आलेली नव्हती.