कण थांबला, पण कुठे?

रेडिएशनसाठी वापरतात ते एक्स-रे शरीरात शिरले की आरपार जातात, वाटेत जे भेटेल त्याला थोडंथोडं भाजत. प्रोटॉनचा स्वभाव निराळा. प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं तो आत घुसतो आणि आधी फारसा उपद्रव करत नाही. वेग मंदावू लागला की मात्र ऊर्जा भराभर उधळतो आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत उरलंसुरलं सगळं ओतून चक्क थांबतो. हा गुण कॅन्सरच्या गाठीवर वापरता येईल, असं १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी मांडलं. महायुद्धात हे गृहस्थ अणुबाँबच्या कामावर होते! खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३पासून हे उपचार मिळतात.

गाठ पाठीच्या कण्याला खेटून असेल तर असं थांबणं लाखमोलाचं. पण नेमकं कुठे? हिशेब सीटी स्कॅनवरून होतो आणि त्यात साधारण साडेतीन टक्क्यांची चूक गृहीत धरतात. वीस सेंटिमीटर खोलीवर ती सात मिलिमीटर! शिवाय रुग्ण बारीक होतो, सर्दीनं नाकामागच्या पोकळ्या भरतात, की हिशेब पुन्हा चुकला. म्हणून डॉक्टर गाठीभोवतीची थोडी निरोगी जागाही किरणांखाली घेतात. ज्या नेमकेपणासाठी एवढा खटाटोप, त्यातलाच काही भाग धास्तीपोटी सोडून द्यायचा.

थांबलेला प्रोटॉन बाहेर येऊन काही सांगत नाही. सांगतं ते शरीर. वाटेत धडक बसलेली कार्बन-ऑक्सिजनची काही अणुकेंद्रकं खवळतात आणि बहुतेकदा सेकंदाच्या अब्जांश भागातच गॅमा किरण फेकून शांत होतात. ते किरण टंग्स्टनच्या अरुंद फटीतून टिपायचे. जुन्या पिनहोल कॅमेऱ्याचीच ही युक्ती. जर्मनीत ड्रेस्डेनला २०१५मध्ये ती प्रत्यक्ष रुग्णावर पहिल्यांदा वापरली गेली.

दुसरी खूण मला अधिक विलक्षण वाटते. धडकेत न्यूट्रॉन गमावलेला कार्बन-११ पॉझिट्रॉन सोडतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रतिद्रव्य. इलेक्ट्रॉन भेटताच दोघंही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. दोन्ही टिपले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती जागा सापडते. डार्मश्टाटच्या 'जीएसआय' संस्थेत १९९७ ते २००८ दरम्यान प्रोटॉनऐवजी कार्बनचा झोत देतानाच चारशेहून अधिक रुग्णांचं असं चित्रण झालं. अडचण एवढीच, की खूण फिकी असते आणि रक्त तिला वाहून नेतं.

मग तिथल्याच संशोधकांनी उलटा विचार केला. झोतच कार्बन-११चा का नको? तो थांबेल तिथूनच खूण उमटेल. उंदरांच्या कण्याजवळच्या गाठींवर त्यांनी हे करून पाहिलं आणि झोत कुठे पोचतोय ते उपचार चालू असतानाच पडद्यावर दिसलं. ती खूण वीस मिनिटांत निम्मी विझते, पुढच्या वीस मिनिटांत उरलेल्याच्या निम्मी.