वीस मिनिटे, एक तांब्या

माझ्या डाव्या मनगटावर कड्याच्या आकाराचा एक व्रण आहे. सातव्या वर्षी भाताची उकळती पेज हातावर सांडली, तेव्हा आजीने धावत येऊन हळद-तेल थापले. माया उणी नव्हती, पण पाणी कोणीच घातले नाही. चांदीचे कडेही हात सुजल्यावर आठवले आणि मग ते कापूनच काढावे लागले.

गेल्या उन्हाळ्यात आरमोरीत हा व्रण दाखवूनच मी बोलायला सुरुवात केली. अंगणात वीसेक जणी होत्या. काही कोसा उकळणाऱ्या, बाकीच्या रोज चुलीपुढे बसणाऱ्या. मी सांगत गेले, त्या माना डोलावत गेल्या. शेवटी विचारले, "आता हातावर आधण सांडलं तर?" एक आजी चटकन म्हणाल्या, "टूथपेस्ट!"

चूक माझीच होती. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली, ती काही नुसत्या भाषणांनी नव्हे.

मग चूल पेटवली आणि तीन बटाटे उकडले. एक पाण्यात बुडवून लगेच काढला. दुसऱ्याला टूथपेस्ट फासली. तिसरा परातीत ठेवून त्यावर तांब्याने साधे पाणी ओतायला एका मुलीला बसवले. परातीतले पाणी कोमट झाले की बदलायचे. समोर घड्याळ.

"वीस मिनिटं? बाई, तोवर भात करपून जाईल नं!" हशा पिकला. पाच मिनिटांत मुलीचा हात भरून आला, दुसरीने तांब्या घेतला. वीस मिनिटे किती लांब असतात, ते तेव्हा कळले.

बटाटे फोडले. पहिले दोन आतून चटका देणारे, तिसरा जेमतेम कोमट. कातडीचेही असेच. वरून गार वाटली तरी आतली उष्णता पोळत राहते.

आजी गप्प झाल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "नातवाला मी पेस्टच लावली होती वो." कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच पदर खोचला आणि तांब्या मागून घेतला.

पुढचे सगळे हातांनीच केले. आधी बांगड्या, अंगठ्या उतरवायच्या. कित्येकींच्या साध्या हातातूनही निघेनात! बर्फ नको, फोड फोडायचे नाहीत, चिकटलेला कपडा ओढायचा नाही. पाणी घालून झाले की स्वच्छ सुती कापड सैल झाकायचे. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागीच पाणी, बाकी अंग उबदार ठेवायचे. भाजणे तळहाताहून मोठे असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर असेल, विजेचे असेल, तर १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. आरमोरीहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. तिथे पोचेपर्यंतचा पहिला उपचार घरातल्याच कुणाच्या तरी हातून व्हायचा असतो.

आज रविवार आहे. घरात बटाटे असतीलच. मुलांना जवळ बसवा आणि तांब्या त्यांच्या हातात द्या.