घरचा संगणक – भाग २ : जागा आधी, खोका नंतर

अमरावतीहून किंवा नागपूरहून आणलेला संगणकाचा खोका वरूडच्या घरात टेकला, की पोरांचे हात आधी चिकटपट्टीकडे जातात. संत्रा व्यापाऱ्याच्या कार्यालयातही घाई तीच. आंबिया बहाराची तोड सुरू असते, गाड्या भरायच्या असतात, बिले अडलेली असतात. पण संगणक कुठे बसवायचा, हे खोका बंद असतानाच ठरवलेले बरे.

वऱ्हाडात पहिला विचार उन्हाचा. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो. घरगुती संगणकांसाठी कंपन्या साधारणपणे खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगतात. कॅबिनेटचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती हवाच तापलेली असेल, तर प्रोसेसर तिच्याहून थंड होऊच शकत नाही. फार तापला, की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि ‘नवा संगणक अडकतो’ अशी तक्रार सुरू होते. म्हणून टिनाखालची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळावी. कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवावी, टेबलाच्या बंद कप्प्यात ते कोंबू नये.

मग कूलरसमोर ठेवायचा का? तेही नको. कूलरचे दमट वारे आणि बोअरच्या पाण्यातले क्षार थेट आत जातात. कूलर खोलीत जरूर असावा, पण त्याचा झोत संगणकावर नसावा आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी असावी. संत्र्याची प्रतवारी चालते त्या शेडमध्ये खोके आणि कॅरेटची धूळ सतत उडते; तिथे संगणकाला आडोशाची वेगळी खोलीच हवी.

दुसरी गोष्ट अर्थिंग, आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही.

तीन पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे त्यामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा जमिनीतल्या ओलाव्यावर काम करतो. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावून मीटरवर तपासून घ्यावे : फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे.

हे झाल्यावर खोका उघडावा. थर्माकोल आणि खोका वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावा. रस्त्यातल्या हादऱ्यांनी रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड सैल झालेले असू शकते. वीज जोडण्यापूर्वी दुकानदाराला विचारून ते नीट बसले आहे का पाहावे. आधी मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडावेत, वीज सर्वांत शेवटी. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यालाच लावावी. मदरबोर्डच्या जोडणीत खोचली, की बऱ्याचदा पडदा काळाच राहतो.

यूपीएस पहिल्या दिवशी काही तास नुसता चार्ज होऊ द्यावा. त्यावर संगणक आणि मॉनिटर एवढेच जोडावे. लेझर प्रिंटर छापताना एकदम जास्त वीज ओढतो, त्यामुळे तो थेट भिंतीच्या सॉकेटवर.

पुढील आठवड्यात : यूपीएस किती व्हीएचा घ्यावा आणि त्याची बॅटरी कधी बदलावी.